एकेचाळिसावं पत्र

१

कागदाचा फाटलेला कोपरा आपोआप भरून येत नाही. माणसाची जखम भरते, भिंतीची भेग गवंडी बुजवतो. कागद मात्र एकदा फाटला की फाटला. त्याला फार तर ठिगळ लावता येतं. आणि ही गोष्ट खळबाईंइतकी कुणाला ठाऊक असणार? अभिलेखागाराच्या मागच्या खोलीत बसून त्या अठ्ठावीस वर्षं जुन्या कागदांना ठिगळंच लावत होत्या.

रोज सकाळी त्या छोट्या पातेल्यात खळ शिजवायच्या, म्हणून खळबाई. आणि कुठलंही फर्मान आलं की मुकाट्यानं मान न डोलावता आधी खळखळ करायच्या, म्हणूनही खळबाई. दोन्ही अर्थ त्यांना मंजूर होते.

त्या मंगळवारी त्यांच्यापुढे टेकडीवरच्या सरकारी रुग्णालयाचा पत्रसंच होता. शतकाच्या मध्यातली पत्रं. राज्य नवं, खाती नवी, कुणाचा अधिकार कुठपर्यंत हे रोज भांडून ठरायचं तो काळ. एका बाजूला रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला राज्याचे आरोग्यमंत्री. बाईंच्या पत्रांच्या पातळ कागदावरच्या स्थळप्रती आणि मंत्र्यांची जाड, नावाचं शीर्षक छापलेल्या कागदावरची उत्तरं, अशी सगळी एकाखाली एक लावलेली. रुग्णालय एका कंपनीला विकायचा सरकारचा बेत होता आणि तसं करता येतं का, याच्या चौकशीसाठी एक निवृत्त न्यायमूर्ती शुक्रवारी तो संच पाहणार होते. खळबाईंनी तो तपासायचा आणि 'संच मूळ व अबाधित आहे' या दाखल्यावर सही करायची, एवढंच काम होतं.

चाळिसावं पत्र त्यांनी उलटलं. एकेचाळिसावं हातात घेतलं आणि हात तसाच राहिला.

पत्राचा उजवीकडचा खालचा कोपरा शाबूत होता. अकरा वर्षांपूर्वी हाच कोपरा उंदरानं कुरतडला होता आणि खळबाईंनी दोन दिवस खपून तिथे ठिगळ बसवलं होतं. त्यांनी कागद उजेडासमोर धरला. ठिगळ नाही, सांधा नाही, खळीचा डागसुद्धा नाही.

त्या तडक संचालकांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, हे पत्र खोटं आहे."

संचालकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कशावरून?"

"धडधाकट आहे, त्यावरून."

त्यांनी सगळं सांगितलं. संचालकांनी ऐकून घेतलं आणि उठून दार लोटून घेतलं. "दुरुस्तीची नोंद आहे का कुठे?"

"नोंदवही सात वर्षांपूर्वी सुरू झाली. हे त्याच्या आधीचं."

"म्हणजे पुरावा काय, तर तुमची आठवण. बाई, तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आलीय. माझी तर पुढच्याच महिन्यात. शुक्रवारी न्यायमूर्तींसमोर दाखल्यावर सही करा आणि मोकळ्या व्हा."

"आणि नाही केली तर?"

"तर तो आदेशाचा भंग होईल," संचालक हळूच म्हणाले. "मग मलाही काही करता येणार नाही."

२

"काय लिहिलंय त्या पत्रात?" संध्याकाळी वन्संनी विचारलं.

वन्सं म्हणजे खळबाईंची नणंद. लग्न केलं नाही. भाऊ गेल्यावर वहिनीकडेच राहायला आल्या. टेकडीवरच्या त्याच रुग्णालयात गेली बावीस वर्षं परिचारिका होत्या. दोघींचं भांडण दिवसातून दोनदा व्हायचं आणि तिसऱ्यांदा व्हायच्या आत चहा व्हायचा.

खळबाईंनी मजकूर उतरवून आणला होता. वाचून दाखवला. "'सदर दोनशे चाळीस खाटांच्या रुग्णालयाची जमीन व इमारत ही शासनाची मालमत्ता असून तिची विल्हेवाट शासन आपल्या इच्छेनुसार लावू शकेल.' खाली मंत्र्यांची सही."

"झालं! म्हणजे शुक्रवारी हे वाचायचं आणि सोमवारी कंपनीला किल्ल्या द्यायच्या." वन्संनी कप आदळला. "आणि दोनशे चाळीस खाटा कुठून आणल्या त्यानं? दोनशे चार आहेत. पहिल्या दिवसापासून दोनशे चार. एक वाढवा म्हणून अर्ज करून करून आमची पेनं झिजली."

"टंकताना चूक झाली असेल."

"मंत्र्याच्या पत्रात? वहिनी, त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तसं पत्र परत पाठवलं असतं."

ते खरंच होतं. संचातलं चाळिसावं पत्र त्याच बाईंचं होतं, उणंपुरं पाच ओळींचं. वरून हुकूम आला होता की इमारत दुसऱ्या खात्याला हवी आहे, रुग्ण हलवा. बाईंनी मंत्र्यांना लिहिलं होतं, 'मी एकही खाट रिकामी करणार नाही. करायचीच असेल, तर आधी मला उचलून बाहेर ठेवावे.' त्यावर मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, ते एकेचाळिसाव्या पत्रात होतं. आणि ते पत्र आता नव्हतं.

"तू ते पूर्वी वाचलं नव्हतंस?" वन्संनी विचारलं.

"मी कागद बघते, मजकूर नाही. हाड बसवणारा माणसाची जन्मकथा विचारत बसतो का?"

"विचारावी कधी कधी," वन्सं म्हणाल्या. "आता सही करणार आहेस?"

"माझा हात मोडला तरी नाही."

"मग कुणी केलं ते शोध. नुसत्या 'नाही'ला कोण विचारतंय?"

३

वाचनकक्षाच्या प्रमुखाला सगळे घड्याळमास्तर म्हणत. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. टंकलेखक म्हणून लागले, प्रमुख झाले आणि तिथेच अडकले. कोण कधी आलं, कुठला संच किती वाजून किती मिनिटांनी नेला, सगळं त्यांच्या वहीत. खळबाईंशी त्यांचं जुनं मैत्र होतं. डबा दोघं एकाच टेबलावर खात.

बुधवारी सकाळी खळबाईंनी वही मागितली.

"यंदा हा संच तीनदाच बाहेर निघालाय," मास्तर म्हणाले. वही न बघता. "फेब्रुवारीत प्राध्यापक, एक दिवस. एप्रिलमध्ये आपले संचालक, तीन दिवस, त्यांच्या खोलीत. जूनमध्ये मंत्र्यांचा नातू, पन्नास मिनिटं. चौथं कुणी नाही."

"आणि तिघांपैकी कुणीतरी पत्र बदललं."

"बदललं असेल तर." मास्तरांनी पेन्सिलीचं टोक तपासलं. "बाई, एक बोलू? कशाला नादी लागता? एका दोनशे चाळीस खाटांच्या जुनाट रुग्णालयासाठी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायचं?"

"तुम्ही कधी वाचलीत ही पत्रं?"

"मी पत्रं वाचत नाही. मी छापील सूची वाचतो, क्रमांक बघतो, देतो आणि परत घेतो." ते हसले. "इतरांच्या पत्रात नाक खुपसायला मला वेळ कुठाय?"

खळबाईही हसल्या. उठताना त्यांनी तीन नावं कागदावर लिहून घेतली.

४

प्राध्यापक आरोग्यमंत्र्यांचं चरित्र लिहीत होते. बारा वर्षं लिहीत होते. त्यांच्या खोलीत बसायला जागा करायची तर आधी तीन गठ्ठे उचलावे लागत.

"तुमच्या संस्थेवर माझा राग आहे!" दार उघडतानाच ते म्हणाले. "ती तुमची छापील सूची! चुकांचं आगर! मी चौदा चुका लिहून पाठवल्या. उत्तर नाही. अहो, रुग्णालयाच्या खाटा दोनशे चार. प्रत्येक पत्रात दोनशे चार. सूचीत काय छापलंय? दोनशे चाळीस!"

खळबाई गठ्ठ्यावर बसता बसता थांबल्या. "फक्त सूचीत?"

"फक्त सूचीत. ज्यानं पत्रं उघडली, तो अशी चूक करणार नाही."

"एकेचाळिसावं पत्र तुम्ही वाचलं होतंत?"

प्राध्यापकांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी टिपणवही शोधली, पानं उलटली, बोट ठेवलं. "त्या दिवशी मी निवडणुकीबद्दलचा मजकूर शोधत होतो. हे नुसतं चाळलं. बघा, काय लिहिलंय मी."

टिपण एका ओळीचं होतं. 'पत्र ४१. खाली मंत्र्यांच्या हातची शाईतली ता. क. तीन ओळी. पुढच्या वेळी पाहणे.'

"आणि पुढची वेळ?"

"आली नाही," प्राध्यापक म्हणाले. "बारा वर्षं मी त्या माणसाच्या मागे आहे, आणि त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या तीन ओळी नंतर वाचू म्हणून सोडल्या."

खळबाईंना आठवलं. शाई होती! म्हणूनच तर त्यांनी तेव्हा खळ घट्ट केली होती, ओल शाईपर्यंत पसरू नये म्हणून. आताच्या पत्रावर ताजा कलम नव्हता. सहीखेरीज शाईचा एक थेंब नव्हता.

म्हणजे फेब्रुवारीत खरं पत्र जागेवर होतं. उरले संचालक आणि नातू.

५

नातू मोठ्या टेबलामागे बसला होता. भिंतीवर आजोबांचा फोटो, आजोबांची काठी, आजोबांना मिळालेली मानपत्रं.

"लहानपणापासून ऐकतोय, 'दोनशे चार खाटा, दोनशे चार खाटा'," तो कंटाळून म्हणाला. "माझ्या वाढदिवसालासुद्धा आजोबांचं भाषण तेच. मी जूनमध्ये आलो तो त्यांच्या सह्यांचे फोटो काढायला. स्मरणिकेसाठी. मजकूर वाचला नाही."

"तुमच्या कंपनीला ती टेकडी हवी आहे का?"

"बाई, मी वह्या छापतो. टेकडीवर काय करू?" तो पहिल्यांदाच मोकळं हसला. "आणि तुमच्याच लोकांनी माझे आभार मानायला हवेत. त्या दिवशी मी आजोबांच्या जुन्या कोऱ्या कागदांची पेटी दिली तुम्हाला. नावाचं शीर्षक छापलेले, न वापरलेले. घरात धूळ खात होते."

अशी पेटी खळबाईंनी पाहिली नव्हती, आणि नव्या कागदांची प्रत्येक पेटी आधी त्यांच्याकडेच यायची, कीड तपासायला.

"कुणाला दिलीत?"

"पोच आहे ना." त्यानं खण उघडला. "ही बघा. मला तर हसूच आलं. पोचेवर कुणी मिनिटं लिहितं का?"

पोचेवर लिहिलं होतं, 'कोरे कागद, एक पेटी, मिळाली. अकरा वाजून सतरा मिनिटे.'

परतताना खळबाई भरभर चालत होत्या. अभिलेखागारात आल्याबरोबर त्यांनी आवक नोंदवही उघडली. जून महिना पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत दोनदा वाचला. घड्याळमास्तर एका रद्दी टाचणीचीही नोंद चुकवत नसत, आणि त्यांच्या वहीत ती पेटी नव्हती.

६

तरीही पेटी गहाळ होणं म्हणजे पत्र खोटं करणं नव्हे. गुरुवारी सकाळी खळबाईंनी खोलीचं दार आतून लावलं आणि एकेचाळिसावं पत्र मोठ्या भिंगाखाली ठेवलं.

टंकयंत्राची फीत कापडाची असते. त्यामुळे कागदावर उमटलेल्या अक्षरात कापडाची वीण दिसते, बारीक जाळीसारखी. चाळिसाव्याच्या आधीच्या मंत्र्यांच्या सगळ्या पत्रांत ती जाळी होती. या पत्रात नव्हती. अक्षरं मऊ, कडेला किंचित पसरलेली, कार्बनच्या प्रतीत असतात तशी. पण कार्बनची प्रत मंत्र्याच्या जाड कागदावर कोण काढेल?

ज्याच्या यंत्रात फीत नाही तो.

मंत्र्यांचं टंकयंत्र अभिलेखागाराच्या दालनात काचेच्या कपाटात मांडलेलं होतं. खळबाई खाली गेल्या, काचेला नाक लावलं. यंत्रात फीत नव्हती, कित्येक वर्षांपूर्वीच कुजून गेली होती. कागदावर कार्बन ठेवून कोरडी अक्षरं ठोकली, तर जुन्या यंत्राचंच वळण उमटलं असतं. पण फितीशिवाय ठोकायचं, तेही सगळ्या अक्षरांवर सारखा दाब देऊन, हे दोन बोटांनी टंकणाऱ्याचं काम नव्हतं. संचालकांना तर स्वतःचं नाव टंकायला पाच मिनिटं लागत. शिवाय त्यांनी एप्रिलमध्ये चौकशीसाठी लिहिलेलं निवेदन खळबाईंनी काढून पाहिलं होतं. त्यात 'दोनशे चार' असं स्वच्छ लिहिलं होतं. संचालक भित्रे होते, पण त्यांनी पत्रं वाचली होती.

कपाटाची किल्ली वाचनकक्षाच्या टेबलाखाली, खिळ्याला.

खळबाई वर येऊन टेबलापाशी बसल्या. कुणी केलं ते कळलं होतं. पण वन्सं म्हणाल्या असत्या, आता पुढे काय? खरं पत्र नाही, तर मंत्र्यांनी काय लिहिलं होतं ते कोण सांगणार?

समोर चाळिसावं पत्र पडलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या पाच ओळी, खाली निम्मा कागद कोरा. त्या कोऱ्या भागाच्या मागच्या बाजूला तपकिरी डाग होते. खळबाईंनी ते अकरा वर्षांपूर्वीही पाहिले होते आणि जुनाट डाग म्हणून सोडून दिले होते. पण जुनाटपणा असा एकाखाली एक, तीन ओळींत येत नाही.

जुन्या शाईत लोखंड असतं. कागदाला कागद लागून वर्षानुवर्षं पडला, की ती शाई शेजारच्या कागदावर हळूहळू चढते. उलटी.

त्यांनी तो पातळ कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि समोरच्या बाजूनं उजेडात धरला. मागून उलटं उमटलेलं पुढून सुलटं दिसू लागलं.

खळबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच कागद पाहिला नाही, मजकूर वाचला.

७

"पत्र तुम्ही बदललंत, मास्तर."

गुरुवारी दुपारी वाचनकक्ष रिकामा होता. घड्याळमास्तरांनी सवयीनं वर पाहिलं; तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"वहीत माझं नाव आहे?"

"नाही. तिथेच मी दोन दिवस फसले. वहीत मागणाऱ्याचं नाव असतं. देणाऱ्याला चिठ्ठी लागत नाही." खळबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "कोरे कागद तुम्ही घेतलेत, मिनिटासकट पोच दिलीत, आणि आयुष्यात पहिल्यांदा नोंद केली नाहीत. कपाटाची किल्ली तुमच्या टेबलाखाली. फितीशिवाय असं सारखं टंकणारा या इमारतीत एकच माणूस. आणि दोनशे चाळीस. पत्रं वाचणारा प्रत्येक जण दोनशे चार म्हणतो, न वाचणारा नातूसुद्धा. दोनशे चाळीस फक्त सूचीत आहे, खोट्या पत्रात आहे, आणि काल सकाळी तुमच्या तोंडात होतं."

मास्तरांनी पेन्सिल वहीच्या कडेला सरळ लावून ठेवली.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "या काळात चार संचालक आले. चौघांना ही संस्था मी शिकवली. कुठली खोली कुठे आहे इथपासून. चौघंही म्हणाले, तुम्ही आहात म्हणून चाललंय. पाचवा येणार होता. मग आरोग्य सचिवांचा फोन आला. म्हणाले, पुढची खुर्ची तुमचीच, फक्त एक पत्र अडचणीचं आहे."

"खरं पत्र जाळलंत?"

"बाई!" ते दुखावले गेले. "जाळेन मी? त्यांच्याकडे दिलं."

"काय होतं त्यात?"

"मी वाचलं नाही."

"वाचलं असतंत तर दिलं असतंत?"

मास्तरांनी उत्तर दिलं नाही. मग एकदम पुढे झुकून म्हणाले, "उद्या सही करा, बाई. तुमच्या शब्दाला कोण विचारणार? ते म्हणतील, म्हातारी चळली. चार महिने राहिलेत तुमचे. मी हात जोडतो."

"हात जोडू नका. उद्या तोंड उघडा. तुम्ही नाही उघडलंत, तर मी उघडेन. आणि मग तुमचं नाव माझ्या तोंडून जाईल." त्या उठल्या. "आपण इतकी वर्षं एका टेबलावर जेवलो, म्हणून आधी येऊन सांगितलं. नाहीतर सांगितलंही नसतं."

८

सुनावणीच्या खोलीत एका भिंतीला टेकून टेकडीवरच्या परिचारिका उभ्या होत्या. त्यांच्यात वन्सं. बसायला सांगितलं तरी एकही बसली नव्हती.

संचालकांनी संच न्यायमूर्तींसमोर ठेवला आणि दाखला खळबाईंपुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

"ह्यावर मी सही करणार नाही," खळबाई म्हणाल्या.

खोलीत कुजबुज झाली. न्यायमूर्तींनी मान वर केली. "कारण?"

"संच अबाधित नाही. एकेचाळिसावं पत्र नंतर घातलेलं आहे."

सरकारी वकील उठले. "महोदय, या बाई संस्थेत खळ शिजवतात. यांच्या मतावर..."

"हो, शिजवते," खळबाई त्यांच्याकडे वळल्या. "म्हणूनच माझ्या हातचं ठिगळ मला कळतं, आणि नसलेलं तर जास्तच कळतं." त्या परत न्यायमूर्तींकडे वळल्या. त्यांनी कोपरा सांगितला, फीत सांगितली, दोनशे चाळीस सांगितलं.

"समजा, हे खोटं," न्यायमूर्ती म्हणाले. "मग खऱ्यात काय होतं, हे तुम्ही कसं सांगणार?"

"मी नाही सांगणार. तुम्ही वाचा. पण तिथून दिसणार नाही, खिडकीपाशी यावं लागेल."

वकील हसले. न्यायमूर्ती मात्र काठी घेऊन उठले आणि खिडकीपाशी आले. खळबाईंनी चाळिसावं पत्र दोन्ही हातांनी उजेडात धरलं. न्यायमूर्तींनी चष्मा पुसला. मग अडखळत, मध्ये एकदोन शब्द सोडत, मोठ्यानं वाचलं:

"'ता. क. जमीन लोकांनी दिलेली आहे. सरकार तिचे राखणदार, मालक नव्हे. पुढे कोणी... विकू लागल्यास हे पत्र त्याच्यापुढे ठेवावे, आणि... तुम्ही खाट सोडू नये.'"

भिंतीपाशी वन्संनी शेवटचे चार शब्द पुटपुटून पाहिले.

"महोदय, हा डाग आहे!" वकील म्हणाले. "मूळ पत्र हजर नसताना डागावर विश्वास ठेवायचा?"

"मूळ पत्र कुठे आहे?" न्यायमूर्तींनी विचारलं.

खळबाईंनी वळून पाहिलं. शेवटच्या बाकावर घड्याळमास्तर बसले होते. त्यांच्याकडे पाहत त्यांनी मनात दहा मोजायला घेतले. सातवर मास्तर उठले.

"अठरा जुलै," ते म्हणाले. "दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मी ते आरोग्य सचिवांच्या गाडीत, त्यांच्या हातात दिलं. गाडीचा क्रमांक माझ्या वहीत आहे. खोटं पत्र मी टंकलं, सहीही मीच गिरवली." थोडं थांबून म्हणाले, "वाचलं असतं तर दिलं नसतं, बाई. काल उत्तर द्यायचं राहिलं."

निकाल चार महिन्यांनी आला. सचिवांच्या कपाटातून मूळ पत्र निघालं, ठिगळासकट. रुग्णालय विकता येणार नाही, खाटा सरकारनंच चालवायच्या, असं न्यायमूर्तींनी लिहिलं आणि सरकारला ते नाइलाजानं मानावं लागलं. सचिवांची बदली झाली, मास्तरांची नोकरी गेली. खळबाई त्यांना एकदा भेटायला गेल्या. दोघं तासभर बसली आणि पत्राबद्दल एक शब्द बोलली नाहीत.

पण त्याआधीचा, सुनावणीनंतरचा सोमवार सांगायला हवा. त्या दिवशी निकाल काय लागणार हे कुणालाच माहीत नव्हतं. संचालकांनी खळबाईंना बोलावलं आणि त्यांच्याकडे न बघता एक कागद पुढे केला. आदेशाचा भंग केल्याबद्दल त्यांना निलंबित करण्यात येत होतं. खाली 'मिळाला व मान्य' असं छापलेलं होतं. तिथे सही करायची होती.

"वरून आलंय," संचालक पुटपुटले. "माझा नाइलाज आहे."

"माझा नाही," खळबाई म्हणाल्या.

त्यांनी कागद वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सावकाश. संचालकांचंच पेन घेतलं. 'मिळाला' तसाच ठेवला. 'व मान्य' यावर एक सरळ रेघ मारली, वर लिहिलं 'मान्य नाही', आणि सही केली.

"बाई, असं लिहायची पद्धत नाही."

"पद्धत कुणीतरी पाडावीच लागते, साहेब," त्या म्हणाल्या, आणि शाई पसरू नये म्हणून कागदावर दोनदा फुंकर मारून तो त्यांच्या हातात दिला.